वाण खाली, बाग वर

आमचं घर अमरावतीच्या अगदी टोकाला आहे. छत्री तलावाच्या पलीकडे, पोहऱ्याच्या डोंगराच्या उतारावर कोणीतरी प्लॉट पाडले आणि आमच्यासारख्या हौशी लोकांनी ते घेतले. घर खाली, रस्त्याला लागून. घराच्या बाजूनं मागे चढत जाणाऱ्या एक्केचाळीस पायऱ्या. चाळिसाव्या पायरीला वळण, तिथं बोगनवेलीचं भलंमोठं झुडूप, आणि वळणापलीकडे यांची बाग. हे म्हणजे माझे मिस्टर. खालून पाहिलं तर त्या बागेतलं काही म्हणजे काही दिसत नाही. शेजाऱ्यांना कित्येक महिने वाटत होतं की हे रोज सकाळी डोंगरावर देवाला जातात.

हे नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात मशीनवर होते. तिथल्या धडधडाटात एका माणसाला बाजूच्याचं ऐकू येत नाही, म्हणून सगळे खुणेनं बोलतात. इतकी वर्षं खुणा करून करून माणूस रिटायर झाला आणि एकदम तोंड उघडलं. ते पुन्हा मिटलंच नाही. बरं, आवाज कारखान्याचाच. यांनी मला मीठ मागितलं तर समोरच्या घरची बाई वाटी घेऊन यायची. आणि मी पोस्टात खिडकीवर नोकरी केलेली. लोकांचं ऐकून ऐकून माझे कान माझ्याआधीच रिटायर झाले होते. बोलणारा नवा, ऐकणारी थकलेली, असा आमचा संसार सुरू होता.

मग यांनी बोलायचं सोडून बागकाम धरलं. मी देवापुढे नारळ फोडला.

आमची जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. त्यात यांनी गुलाब लावून पाहिले, पेरू लावून पाहिला, वांगी तर दोनदा. जे जगलं ते वांदरांनी खाल्लं. डोंगरावरून त्यांचा कळप रोज उतरतो आणि आमच्या पोस्टमनपेक्षा वेळेवर येतो. शेवटी कोणीतरी सांगितलं की अडेनियम लावा. त्याचा चीक विषारी, वांदर तोंड लावत नाही, आणि त्याला चांगली माती नकोच, मुरूमच मानवतो. यांनी बिया मागवल्या आणि तीन वर्षं त्यांच्यामागे घालवली. उन्हात ठेव, पावसात उचल, एकाला सावली कर, दुसऱ्याला वाळूत बसव. जे तयार झालं ते मी तुम्हाला खरं सांगते. रताळं. कुंडीत अर्धं पुरलेलं, अर्धं वर आलेलं, फुगलेलं रताळं, आणि डोक्यावर चार काड्या. फुलं उन्हाळ्यात येतात म्हणे. थंडीत तर पानंही गळतात. हे मात्र त्या फुगलेल्या बुंध्याकडे असे पाहायचे की आमच्या लेकीच्या बारशालाही इतकं कौतुकानं पाहिलं नसेल.

आमच्या भागात बाग करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. जानेवारीतल्या एका रविवारी उतारावरच्या आठ-दहा घरांची फाटकं उघडी ठेवतात. कोणीही यावं, बाग पाहावी, जावं. परवा-परवापर्यंत आम्ही नुसते पाहणारे होतो. मागच्या वर्षी हे मला ओढून घेऊन गेले. एका रिटायर डॉक्टरांच्या गच्चीवर ताटाएवढ्या कुंडीत तीस वर्षांचा पिंपळ होता आणि डॉक्टर बाजूला छडी घेऊन उभे होते. प्रत्येक झाडाचं वय आणि दुखणं सांगत होते. कोणी बोट पुढे केलं की छडी आडवी. दुसऱ्या घरी हिरवळ होती. तिथल्या बाईंचा आग्रह असा की चपला काढा आणि पायाला थंडावा घ्या. थंडावा जास्त यावा म्हणून त्यांनी सकाळीच पाइपनं पाणी मारलं होतं आणि हिरवळ होती उतारावर. मी तिथून चालत उतरले नाही, बसून उतरले. तिसऱ्या घरी फाटकातच आलूबोंडा हातात. तो संपला की दुसरा. नको म्हटलं तर ताई नाराज. त्या बागेत काय होतं हे मी आजही सांगू शकत नाही, बोंडा मात्र फार चांगला होता.

हे सगळीकडे एकच विचारत फिरले, "माती कुठली?" सगळ्यांचं उत्तर एक, खालून ट्रकनं काळी माती आणली. यांनी डॉक्टरांना तोंडावर म्हटलं, "डोंगरावर राहून राहिले अन् माती खालून आनता? मंग डोंगरावर आले कायले?" डॉक्टरांनी छडी जरा घट्ट धरली. मी यांना हाताला धरून बाहेर काढलं.

घरच्या फाटकाशी आल्यावर हे म्हणाले, "पुढच्या साली आपली बी उघडायची."

"रताळी पाह्यले कोण येते?" मी म्हटलं.

"येईन कोणी. एखादा मानूस जरी वरपर्यंत आला अन् शेवटपर्यंत ऐकलं, तरी बस झालं मले." हे बोलताना यांचा आवाज कधी नव्हे तो खाली होता. तेव्हा मला कळलं की गंमत नाही. कारखान्यात जन्मभर जे काम केलं ते कधी कोणी पाहायला आलं नाही. आता हे एवढं एक होतं, आणि ते एक्केचाळीस पायऱ्यांच्या वर होतं. मी स्वतःसुद्धा वर्षभरात वर गेले नव्हते. गुडघे दुखतात, असं सांगायची. दुखत होते, पण तितके नाही.

झालं. मंडळाच्या यादीत आमचं घर शेवटचं लागलं, कारण ते सगळ्यात वर. एवढा चढ चढून आलेला माणूस आणखी एक्केचाळीस पायऱ्या कशाला चढेल, ही यांची काळजी. त्यावर यांनी महिनाभर डोकं चालवून युक्ती काढली. प्रत्येक पायरीवर एक कुंडी. प्रत्येक कुंडीत कुल्फीच्या काडीवर चिकटवलेली पुठ्ठ्याची पाटी, आणि पाटीवर गोष्टीचं एकेक वाक्य. माणूस वाचत वाचत वर चढेल, मध्ये सोडवणार नाही. पहिली पाटी: 'नमस्कार. ही मुरमाची गोष्ट आहे.' दुसरी: 'मुरमात काही होत नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं.' तिसरी: 'सगळ्यांत माझी बायकोही होती.' यापुढे मी वाचलं नाही. तिसऱ्या पाटीवरूनच आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

आदल्या दिवशी अकोल्याहून मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तीन वर्षांपूर्वी थोरले भाऊजी गेले, तेव्हापासून त्या अकोल्याला एकट्या असतात. स्वभाव शांत, पण तोंड उघडलं तर एका वाक्यात समोरच्याची कणीक तिंबतात. यांनी आल्या आल्या त्यांना आपलं भाषण ऐकवायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आधी पानी तर पिऊ द्या."

रविवारी सकाळी आठला हे पांढरा शर्ट घालून वर जाऊन बसले. ठरलेलं असं की खाली स्वागत मी करायचं, वर माहिती हे देणार, आणि काहीही झालं तरी यांनी वरून हलायचं नाही. आता दिवस होते संक्रांत ते रथसप्तमीच्या मधले, हळदीकुंकवाचे. या दिवसांत दारात आलेली सवाष्ण कुंकू न लावता माघारी गेली, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. मंडळाच्या पत्रकात काही का लिहिलेलं असेना. मी पहिल्या पायरीशी टेबल मांडलं. हळदीकुंकवाची कोयरी, तिळगुळाचा डबा. वाण म्हणून चहाच्या पन्नास गाळण्या आणल्या होत्या. त्या पिशवीत, पिशवी कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. मोठ्या बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, तुमी आत आराम करा. इथं गर्दी होईन, तुमाले तरास." त्या "बरं" म्हणाल्या. मी लगेच डब्यातला तिळगूळ फोडायला लागले.

नऊच्या सुमारास बाया यायला लागल्या. मी खिडकीवरच्या सवयीनं सुरू झाले. पोस्टात माणसाचं तोंड पाहत बसलं तर रांग हलत नाही. हात पाहायचा, शिक्का मारायचा, पुढे. इथं कपाळ पाहायचं. हळद, कुंकू, तिळगूळ, पुढे. हळद, कुंकू, तिळगूळ, पुढे. पुढे म्हणजे पायऱ्यांनी वर, बागेत. मला आपलं वाटत होतं की काम कसं झरझर चाललं आहे. सातव्या का आठव्या बाईला कुंकू लावताना नजर सहज फाटकाकडे गेली. आधीच्या बाया फाटकातून बाहेर निघाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पदरात एकेक रताळं होतं.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. खालच्या सात पायऱ्या साफ. गोष्ट आठव्या वाक्यापासून सुरू.

त्यांची काय चूक? हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ मिळाला. आता राहिलं वाण. बाजूला पाहावं तर एकसारख्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या, पाट्याबिट्या लावून. आपल्या वऱ्हाडातली कोणतीही बाई त्याला वाणच म्हणेल. शिवाय मीच वर न पाहता 'पुढे, पुढे' करत होते. पहिलीनं पदर पसरून कुंडी घेतली, मागचीनं पहिलीचं पाहिलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतली असती. दोन घेतल्या असत्या.

आता तुम्ही म्हणाल, परत मागायची. अहो, वाण परत मागतात का कुठे? कुंकू लावलेल्या बाईच्या पदरातली वस्तू काढून घ्यायची, त्यापेक्षा मी उभ्यानं गाव सोडीन. आजवर कोणी असं केल्याचं मी ऐकलं नाही, आणि ज्या घरात झालं असेल त्या घराचं काय झालं हे ऐकायची माझी छाती नाही. मी तिथंच उभी. हातात कुंकू, तोंडावर हसू, आणि यांची तीन वर्षं एकेका पदरातून उतार उतरून चालली.

मग मी धावत जाऊन गाळण्या आणल्या. वाटलं, गाळणी हातात पडली की कुंडी वाचेल. पुढच्या बाईला गाळणी दिली. तिनं ती पर्समध्ये ठेवली आणि कुंडीही उचलली. तिच्या मागची होती जरा तिखट. तिनं कुंडी तर घेतलीच, वर फाटकातून जाणाऱ्या बाईकडे बोट दाखवून मला विचारलं, "तिले नाई गाळणी? फक्त आमालेच कावून?" मग त्या बाईला हाक मारून तिलाही गाळणी द्यावी लागली. तिनं खाली जाऊन बाकीच्यांना सांगितलं. त्या सगळ्याच जणी गाळणीसाठी चढून परत आल्या.

मी पायऱ्यांच्या तोंडाशी खुर्ची आडवी ठेवली. एक जाडशा मावशी तिच्यावर बसून, दम खाऊन, मला दुवा देऊन उठल्या, खुर्ची बाजूला ठेवली आणि कुंडी घेऊन गेल्या. मग मी शेवटचं हत्यार काढलं. एका चश्मेवाल्या बाईला म्हटलं, "ताई, हे झाड विषारी आहे हो. वांदरं बी तोंड लावत नाईत." तिचे डोळे चमकले. "काय सांगता. आमच्या घरी वांदरायनं जीव खाल्ला आहे." तिनं मागे वळून मैत्रिणींना आवाज दिला, आणि त्या चौघी होत्या.

यात एक गंमत अशी की कुंड्या खालून संपत चालल्या, म्हणून प्रत्येक बाईला आधीच्या बाईपेक्षा एक पायरी वर चढावं लागत होतं. दुपारी बार्शीटाकळीचा महिला बचत गट काळीपिवळी जीप भरून आला. डोंगरावरच्या एका घरी वाणात झाडं देऊन राहिले, ही बातमी तोवर खालच्या सगळ्या बागांत पोचली होती. डॉक्टरांचा पिंपळ सोडून बाया सरळ आमच्याकडे. बचत गटाच्या बायका विसाव्या पायरीवर गेल्या, पंचविसाव्या पायरीवर गेल्या, कुंडी घेतली की पाठ फिरवून खाली. वर पाहायचं कोणाला सुचलं नाही. वाण मिळाल्यावर थांबतं कोण, पुढची घरं असतात.

त्या कुंड्यांचे फोन पुढे आठवडाभर येत होते. काही बायांनी पत्रकावरून आमचा नंबर काढला होता. एक म्हणाली, "काकू, माह्या कुंडीवर 'आणि तिथंच मी चुकलो' असं लिहिलं आहे. काय चुकलं काकांचं? घरी सगळे विचारून राहिले." दुसरीच्या कुंडीवर नुसतं 'पण वांदरांना हे कोण सांगणार?' एवढंच होतं. तिच्या सासूला वाटलं की हा कोणता तरी मंत्र आहे. तिनं कुंडी देवघरात ठेवली.

पण ते पुढचं. त्या दिवशी मला फक्त एकच दिसत होतं की आमच्या घरी शंभरावर पाय लागले आणि वर एकही गेलेला नाही. मधल्या वेळात दोघं-तिघं टेबलाच्या बाजूनं गेल्याचं अंधुक आठवतं. बांगड्या विकणारी चाची आली होती. बायांची गर्दी पाहून धंद्याला आली असणार. तिनं टोपलं भिंतीशी ठेवून विचारलं, "बाई, मैं ऊपर जाऊं क्या?" मी एका बाईचं कुंकू सारखं करत होते. मान न वळवता "हो हो, जा" म्हटलं. चांदूर बाजारचा एक संत्र्याचा बागवाला बायकोला घेऊन आला होता. बायकोनं वाण घेतलं आणि ती सावलीत बसली. तो कुठे गेला मी पाहिलं नाही. मोठ्या बाईंची तर मला दिवसभर आठवणसुद्धा झाली नाही. आत झोपल्या असतील, असं धरून चालले.

चार वाजता चाळिसावी कुंडी गेली. ती घेणारी बाई पार वळणापर्यंत चढली होती. मी खालून पाहत राहिले. वळण एका पावलावर होतं. तिनं बोगनवेलीचं एक फूल तोडून केसांत खोवलं आणि खाली आली. मला इतका राग आला की जाताना तिनं आणखी तिळगूळ मागितला, तेव्हा मी हात आखडता घेतला.

फाटक लावलं. पायऱ्या मोकळ्या, मुरमाचे गोल डाग तेवढे राहिलेले. मला रडू यायला लागलं, खोटं कशाला बोलू. माणूस सकाळपासून पांढरा शर्ट घालून बसला आहे, सांगितलं म्हणून हललेला नाही, खाली काय झालं त्याला माहीत नाही. कोणी आलं नाही म्हणून झुरत असेल. आणि त्याला जाऊन सांगायचं काय? तुमची गोष्ट मी वाटून टाकली म्हणून? मी पायरी पायरी करत वर निघाले. दर पाच पायऱ्यांना थांबून मनात वाक्य जुळवत होते. 'अहो, रागावू नका' इथंच गाडी अडत होती.

तिसाव्या पायरीला यांचा आवाज आला. बसलेला, घोगरा, पण चालू. मला वाटलं, झालं, एकटेच बोलायला लागले.

वळणावरून पुढे पाहिलं. वर यांनी मुरमाच्या दगडांचे ओटे रचले आहेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. एका ओट्यावर चाची मांडी घालून बसलेली, हातात यांचाच पाण्याचा तांब्या. दुसऱ्यावर तो चांदूर बाजारचा बागवाला. गुडघ्यावर वही उघडून तो काहीतरी लिहून घेत होता. आणि मधल्या ओट्यावर, अगदी समोर, मोठ्या बाई.

"कदी आल्या तुमी वर?" मी विचारलं.

"सकाळीच. नऊच्या पयलेच." मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळ्या पाट्या वाचत आली. चाचीनं सोळापासून वाचल्या, तिले मागचं मी सांगतलं. अन् तुह्या त्या बायका, काय सांगू तुले. पावलं वाजत वाजत वर येत. भाऊजी उठून उभे राहत, शर्ट सारखा करत, 'नमस्कार' म्हन्यासाठी तोंड उघडत. अन् पावलं वापस. दिवसभर हेच. उठबस करून करून भाऊजीची कंबर लागली."

चाची हसत म्हणाली, "भाऊ ने तो झाड कू नमस्कार किया, दो बार."

मग मी सगळं सांगून टाकलं. वाण, गाळण्या, खुर्ची, सगळं. हे ऐकत राहिले. मध्ये एकदा, बार्शीटाकळीच्या वेळी, यांनी डोळे मिटले. शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चाळीस घरी गेली म्हन. उन्हात ठेवजा असं सांगतलं का त्यायले?" मी नाही म्हटलं. "सांगाले पाह्यजे होतं," एवढंच म्हणाले आणि बागवाल्याकडे वळले. त्याचा प्रश्न अर्धा राहिला होता.

मी मोठ्या बाईंच्या बाजूला बसले. "मी तर समजत होती तुमी आत निजल्या. एवढ्या पायऱ्या कायले चढल्या?"

"खाली मले काय काम होतं?" त्या म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात, जशा भाजीत मीठ कमी आहे म्हणतात तशा. "तुनं आत बस म्हटलं. आत बसून भिंतीले पाह्याचं, त्यापेक्षा म्हटलं भाऊजीचं ऐकू."

मी ओट्यावरच्या तिघांकडे पाहिलं. दिवसभर माझं बोट ज्यांच्या कपाळाला लागलं, त्यांच्यातलं इथं एकही नव्हतं. ज्यांना लागलं नाही, तेवढेच वर पोचले होते. चाचीचं आणि त्या बागवाल्याचं ठीक आहे, त्यांना माझ्या टेबलाशी थांबायचंच नव्हतं. पण मोठ्या बाई सकाळी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तीस वर्षं संक्रांतीचं पहिलं कुंकू त्यांनी मला लावलं. आणि मी त्यांना तरास होईन म्हणून आत पाठवलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

एक्केचाळिसावी कुंडी वळणापलीकडे होती म्हणून वाचली होती. मी उठले आणि ती उचलून त्यांच्यासमोर धरली. "घ्या, बाई."

त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय हे?"

"वाण."

"मी घेऊ?"

"घ्या ना, वहिनी," हे तिकडूनच म्हणाले, "पानी आठ दिवसांतून एकदाच घालजा."

मोठ्या बाईंनी पदर पुढे केला. अगदी सवयीनं, दोन्ही हातांनी टोकं धरून. मग तीन वर्षांत न केलेली गोष्ट आपण करतो आहोत हे लक्षात आल्यासारख्या थांबल्या, पण पदर मागे घेतला नाही. मी कुंडी त्यात ठेवली. माझं बोट दिवसभराच्या कुंकवानं नखापर्यंत लाल झालेलं होतं.

"लावू?" मी विचारलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "हात भरले आहेत माहे, पुसता तर येनार नाई."

मी लावलं. ते जरा वाकडं लागलं.